मुंबईतील लॉगरिथम : कोष्टकापासून यंत्रापर्यंत

मुंबई बेटावर १७ डिसेंबर १९०५ पासून २१ जुलै १९०६ पर्यंत दर आठवड्याला प्लेगने किती माणसे दगावली, याची मोजदाद सरकारी दप्तरात झालेली आहे. प्लेग तेव्हा मुंबईला नवा राहिला नव्हता. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो प्रथम ओळखला. पुढच्याच जानेवारीत हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातील आपल्या प्रयोगशाळेत तयार केलेली लस स्वतःलाच टोचून घेतली, आणि १८९९ मध्ये ती प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. आज आपण तिला हाफकिन संस्था म्हणून ओळखतो. हा इतिहास आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. त्या आठवडेवार आकड्यांचे पुढे काय झाले, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते, आणि आजचा विषय तेथूनच सुरू होतो.

ते आकडे विलायतेस गेले. १९२७ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तात केरमॅक आणि मॅकेन्ड्रिक या दोघांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. मॅकेन्ड्रिक यांची बरीच नोकरी हिंदुस्थानात वैद्यकीय खात्यात झालेली. केरमॅक यांचे डोळे १९२४ मध्ये प्रयोगशाळेतील अपघातात गेलेले. डोळ्यांनी आंधळा झालेला हा माणूस समीकरणे मनात मांडून मनातच सोडवीत असे. या दोघांनी साथ कशी चढते आणि कशी ओसरते याचे गणित मांडले, आणि ते पडताळून पाहण्यासाठी निवडली ती आपली मुंबई. त्यांच्या सूत्राप्रमाणे मृत्यूंचा आकडा हळूहळू चढत सतराव्या आठवड्यास, म्हणजे १९०६ च्या एप्रिलच्या मध्यास, आठवड्याला ८९० पर्यंत पोचतो, आणि ज्या चालीने चढला त्याच चालीने उतरतो. कागदावर ती आकृती देवळातील घंटेसारखी दिसते. सूत्रातील सर्व मृत्यूंची बेरीज केली तर ती ८९०० येते.

आता या सूत्राला एक साधा प्रश्न विचारू. या ८९०० माणसांपैकी पाऊण माणसे केव्हापर्यंत गेलेली होती? उत्तर असे निघते : सतरा आठवड्यांत ३ या संख्येच्या नैसर्गिक लॉगरिथमची अडीचपट मिळवा. ३ चा नैसर्गिक लॉगरिथम १.०९८६, त्याची अडीचपट सुमारे २.७५, म्हणून उत्तर पावणेवीस आठवडे. घंटेची आकृती दोन्ही बाजूंनी सारखी असल्यामुळे पाव माणसे सव्वाचौदा आठवड्यांपर्यंत गेलेली होती, हेही त्यातच आले. म्हणजे सात महिन्यांच्या त्या साथीतील निम्मे मृत्यू मार्चअखेरपासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंतच्या साडेपाच आठवड्यांत झाले. लस केव्हा पोचली पाहिजे, खाटा केव्हा वाढविल्या पाहिजेत, चाळी केव्हा मोकळ्या केल्या पाहिजेत, हे सारे या एका आकड्यावर अवलंबून आहे.

येथे एक खुलासा केला पाहिजे. सूत्र जमले म्हणून कारण जमले, असे होत नाही. मुंबईचा प्लेग उंदरांवरील पिसवांमुळे पसरत होता आणि ऋतुमानाप्रमाणे दरवर्षी चढत-ओसरत होता. त्याचे ओसरणे हे केवळ उंदीर आणि माणसे ‘संपत’ गेल्यामुळे नव्हते; उन्हाळ्याचाही त्यात हात होता. पुढच्या अभ्यासकांनी या निबंधावर हा आक्षेप घेतलेला आहे, आणि तो रास्त आहे. तरीही साथींच्या गणितातील हा पायाभूत निबंध मुंबईच्या मृतांच्या आकड्यांवर पडताळलेला आहे, एवढे खरे.

श्रोतेहो, आपला प्रश्न वेगळा आहे. हा १.०९८६ आकडा आला कोठून?

आपणापैकी ज्यांनी शाळा-कॉलेजात शास्त्र विषय घेतला होता त्यांना लॉगरिथम म्हटले की क्लार्कचे पातळसे कोष्टक आठवेल. मोठाले गुणाकार करावयाचे असले की दोन्ही संख्यांचे लॉग पाहावयाचे, त्यांची बेरीज करावयाची आणि उलट कोष्टकातून उत्तर काढावयाचे. गुणाकाराची बेरीज आणि भागाकाराची वजाबाकी करून देणारी ती एक युक्ती होती. ती स्कॉटलंडच्या नेपियरने १६१४ मध्ये जगापुढे ठेवली. हेन्री ब्रिग्जने तिला १० चा पाया देऊन ती व्यवहाराच्या सोयीची केली. १०० चा लॉग २, १००० चा ३. आपण दशकात मोजतो म्हणून हा पाया सोयीचा, यापलीकडे त्याला दुसरे कारण नाही. माणसाला दोन्ही हातांना मिळून आठ बोटे असती तर शाळेत ८ च्या पायाची कोष्टके लागली असती.

नैसर्गिक लॉगरिथमची गोष्ट निराळी आहे. तो बोटांवर अवलंबून नाही. एक रुपया अशा पेढीत ठेवा की जिचा व्याजाचा दर वर्षाला रुपयास रुपया आहे. मात्र व्याज वर्षाच्या शेवटी न देता क्षणोक्षणी मुदलात मिळविले जाते. वर्षअखेर त्या रुपयाचे दोन रुपये न होता सुमारे २.७१८२८ रुपये होतात. या संख्येला गणितात ‘ई’ म्हणतात. आता उलट विचारा : अशा पेढीत रुपयाचे तीन रुपये व्हावयास किती वर्षे लागतील? उत्तर १.०९८६ वर्षे, आणि हाच ३ चा नैसर्गिक लॉगरिथम. दोन रुपये व्हावयास ०.६९३१ वर्षे. बँकेतील मंडळी तोंडी हिशेब करताना ‘बहात्तराला दराने भागा’ म्हणतात, म्हणजे द. सा. द. शे. ८ दराने रक्कम ९ वर्षांत दुप्पट. त्या बहात्तराच्या मुळाशी हा ०.६९३१ आहे. व्याज क्षणोक्षणी न मिळता वर्षाला मिळते म्हणून ६९ चे थोडे वाढवावे लागतात, आणि ७२ ला पुष्कळ संख्यांनी भाग जातो म्हणून तेवढे वाढविले जातात. जेथे जेथे वाढ किंवा घट ही असलेल्या मालावरच अवलंबून असते, मग तो पैसा असो, प्लेग असो की रेडियमची झीज असो, तेथे वेळ विचारली की उत्तर नैसर्गिक लॉगरिथमने येते.

ही दोन कामे, गुणाकाराची युक्ती आणि वाढीचे मोजमाप, तीन शतके एकाच कोष्टकात एकत्र नांदली. त्यामुळे ती दोन वेगळी आहेत याचाच आपल्याला विसर पडला. कुलाब्यास जे घडले त्याने ती वेगळी झाली. त्याकडे येण्यापूर्वी मात्र कोष्टकातला आकडा माणसे कशी काढीत ते पाहिले पाहिजे.

१६६८ मध्ये मर्केटर याने एक श्रेढी छापली. तिच्याप्रमाणे २ चा नैसर्गिक लॉगरिथम म्हणजे एकातून अर्धा वजा, त्यात एक तृतीयांश अधिक, त्यातून पाव वजा, एक पंचमांश अधिक, असे न संपणारे चालणे. दिसावयास सुंदर, पण हिशेबास भिकार! हजार पदांची बेरीज केली तरी जेमतेम तीन स्थळे खरी येतात. त्याच वर्षी जेम्स ग्रेगरीने दाखविले की २ ऐवजी ‘एक अधिक क्ष भागिले एक वजा क्ष’ या रूपात संख्या लिहिली तर गाडा कसा पळू लागतो. दोनासाठी क्ष एक तृतीयांश पडतो. मग क्ष, क्ष च्या घनाचा तिसरा हिस्सा, क्ष च्या पाचव्या घाताचा पाचवा हिस्सा, अशी पदे मिळवीत जावयाची आणि शेवटी दुप्पट करावयाची. आकडे असे पडतात : ०.३३३३३३३, ०.०१२३४५७, ०.०००८२३०, ०.००००६५३, ०.०००००५६. पाचच पदे; बेरीज ०.३४६५७३०, दुप्पट ०.६९३१४६. खरे उत्तर ०.६९३१४७. जे काम हजार पदांनी झाले नाही ते पाच पदांनी झाले. ०.३४६५७ हा मधला आकडा श्रोत्यांनी ध्यानात ठेवावा; तो पुन्हा भेटणार आहे.

या श्रेढीचे एक नाते आपल्या देशाशी आहे. हिच्यात एकाआड एक चिन्ह वजा केले की जी श्रेढी होते ती वर्तुळाच्या कंसाची. आणि ती संगमग्रामच्या माधवाला केरळात चौदाव्या-पंधराव्या शतकांच्या सुमारास ठाऊक होती. म्हणून आमच्याकडे लॉगरिथम होतेच असा डंका कोणी पिटू नये. एका चिन्हाचे अंतर लहान दिसते, पण ते ओलांडावयास प्रश्नच वेगळा पडावा लागतो.

कुलाब्यात हिशेबाची परंपरा जुनी आहे. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये तेथे वेधशाळा उभारली. एल्फिन्स्टनमध्ये गणित शिकविणारे बाळशास्त्री जांभेकर काही काळ तिचे संचालक होते. केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे टिळकांचे गुरू केरूनाना, ऐन तरुणपणी तेथेच नोकरीस लागले. आकाशातील वेध घेणे हे वेधशाळेचे अर्धेच काम. उरलेले अर्धे म्हणजे त्या वेधांचे हिशेब, आणि ते लॉगरिथमच्या कोष्टकावाचून एक पाऊलही पुढे जात नसत. केरूनानांनी १८६० मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ प्रसिद्ध केली. त्या नावातच त्या युगाचा सारा व्यवहार आहे : एकदा कोणी तरी मरमर मरून आकडे काढावयाचे, छापावयाचे, आणि मग हजारांनी ते विश्वासाने उचलावयाचे. कोष्टकात एक अंक चुकला तर तो चुकलेला अंक हजार ठिकाणी जाई. पुढे विजेच्या ट्रामगाड्यांमुळे चुंबकीय वेधांत व्यत्यय येणार म्हणून १९०४ मध्ये ते काम अलिबागेस हलविले गेले. कुलाब्यास पुन्हा मोठ्या हिशेबाची वसाहत व्हावयास अर्धशतक लागले.

मधल्या काळात पुण्यास एक प्राध्यापक होता, त्याची गोष्ट सांगितली पाहिजे. दामोदर धर्मानंद कोसंबी, जन्म गोव्यातील, शिक्षण हार्वर्डचे, फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे अध्यापक. इतिहासकार म्हणून त्यांचे नाव सर्वांना माहीत आहे. पण आपल्या कामाचा आकडा त्यांच्या दुसऱ्याच एका लेखात आहे. १९४४ मध्ये ‘अ‍ॅनल्स ऑफ युजेनिक्स’ या विलायती नियतकालिकात त्यांचा अवघ्या चार पानांचा लेख आला. विषय होता आनुवंशिकतेचा. एकाच गुणसूत्रावरील दोन जनुके पिढीगणिक एकमेकांपासून किती वेळा तुटतात, हे प्रयोगाने मोजता येते. शंभरांत दहा वेळा तुटली तर ती जवळ, तीस वेळा तुटली तर लांब. पण तुटण्याचे प्रमाण म्हणजे अंतर नव्हे. मध्येच दोन ठिकाणी अदलाबदल झाली तर टोकाची जनुके पुन्हा एकत्र येतात आणि ‘तुटलीच नाहीत’ अशी दिसतात. म्हणून मोजलेले प्रमाण खऱ्या अंतरापेक्षा कमी पडते, आणि ते कितीही वाढले तरी निम्म्यापलीकडे जात नाही.

ही तूट भरून काढण्याचे एक सूत्र हाल्डेन यांनी १९१९ मध्ये दिले होते. त्यात एका ठिकाणच्या अदलाबदलीचा शेजारच्या अदलाबदलीवर काही परिणाम होत नाही असे गृहीत होते. प्रत्यक्षात परिणाम होतो : एक झाली की जवळपास दुसरी सहसा होत नाही, आणि अंतर वाढेल तशी ही अडवणूक सैल पडते. कोसंबींनी हे सैल पडणे अगदी साध्या रीतीने धरले, आणि जे सूत्र निघाले ते असे : प्रमाणाची दुप्पट करा, ती एकात मिळवा, तीच एकातून वजा करा, पहिल्याला दुसऱ्याने भागा, आलेल्या भागाकाराच्या नैसर्गिक लॉगरिथमचा चौथा हिस्सा म्हणजे अंतर.

श्रोत्यांच्या ध्यानात आलेच असेल की ‘एक अधिक क्ष भागिले एक वजा क्ष’ हे ग्रेगरीचेच रूप येथे निसर्गातून आपसूक चालत आले आहे. तीसशेकडा प्रमाण घेऊन पाहा. दुप्पट ०.६, १.६ भागिले ०.४ म्हणजे ४. चाराच्या नैसर्गिक लॉगरिथमचा चौथा हिस्सा ०.३४६६. मघाचा मधला आकडा तो हाच! त्याच जागी हाल्डेन यांचे सूत्र ०.४५८१ देते. खरे अंतर कोणते, हे प्राण्याप्राण्यावर अवलंबून आहे. पण गहू, भात, उंदीर यांच्या गुणसूत्रांचे नकाशे आखणाऱ्यांच्या तोंडी कोसंबींचे नाव बसले ते या चार पानांमुळे. मौज अशी की मुंबईच्या प्लेगचे सूत्र आणि कोसंबींचे सूत्र ही एकाच वक्राची सुलटी आणि उलटी बाजू आहे. पाऊण माणसे केव्हा गेली, या प्रश्नात क्ष अर्धा पडतो, आणि ३ चा लॉगरिथम येतो तो १.५ भागिले ०.५ मधून.

१९४५ मध्ये होमी भाभा यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन केली आणि कोसंबींना बोलावून घेतले. मुंबईत संस्था प्रथम पेडर रोडवरील ‘केनिलवर्थ’ बंगल्यात होती, १९४९ मध्ये ती अपोलो बंदरावरील जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत आली. कोसंबी पुण्यातच राहत आणि दख्खनच्या राणीने ये-जा करीत. १९४८-४९ मध्ये ते युनेस्कोच्या शिष्यवृत्तीवर इंग्लंड-अमेरिकेस गेले, आणि कामही असे की गणकयंत्रांचे शास्त्र आणि तंत्र समजावून घेणे. संस्थेत यंत्र प्रत्यक्ष बांधले मात्र दुसऱ्यांनी. १९५४ मध्ये रंगस्वामी नरसिंहन अमेरिकेतून येऊन संस्थेत दाखल झाले, डी. वाय. फडके यांच्या उपकरण विभागात हे काम सुरू झाले. यापूर्वी असे यंत्र यांपैकी कोणी बांधलेले नव्हते. आधी एक लहान यंत्र शिकण्यासाठी बांधले, ते १९५६ मध्ये चालू झाले. मोठ्या यंत्राची बांधणी १९५७ मध्ये सुरू होऊन १९५९ मध्ये पुरी झाली, आणि २२ फेब्रुवारी १९६० रोजी ते रीतसर कामास लागले. त्यात २,७०० निर्वात नळ्या, १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रोधक होते; अठरा फूट लांब आणि आठ फूट उंच असा पोलादी सांगाडा, आणि तो थंड ठेवण्यासाठी वातानुकूलित दालन. स्मरणशक्ती किती? चाळीस द्विअंकी स्थानांचे २०४८ शब्द. आज लग्नाच्या आमंत्रणाचे एक चित्र जेवढी जागा अडविते त्यात अशी कित्येक यंत्रे मावतील. १५ जानेवारी १९६२ रोजी कुलाब्याच्या टोकावरील संस्थेच्या नव्या वास्तूचे उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते झाले, त्या वेळी त्यांनी या यंत्राचे नाव ‘टिफ्रॅक’ असे ठेवले.

आता मुद्द्याची गोष्ट. या यंत्राला लॉगरिथम येत नव्हता.

प्रिन्स्टन येथे फॉन नॉयमन यांच्या योजनेने जे यंत्र झाले त्याच घराण्यातले हे यंत्र. या घराण्याला बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि आकडे डावी-उजवीकडे सरकविणे एवढेच जन्मजात येते. बाकी सारे शिकवावे लागते, आणि शिकवायचे तेही त्याच्याच शून्य-एकाच्या बोलीत, कागदी फितीवर भोके पाडून. दशांशचिन्ह कोठे आहे हेसुद्धा त्याला कळत नाही. ते कार्यक्रम लिहिणाऱ्याने ध्यानात ठेवावयाचे. अशा यंत्रात क्लार्कचे कोष्टक भरून ठेवावे म्हटले तर दोन हजार शब्दांची सारी जागा त्यातच संपेल आणि काम करावयास जागा उरणार नाही. म्हणजे तीन शतके जे छापून ठेवण्यात शहाणपण होते, ते दर वेळी नव्याने काढण्यातच आता शहाणपण ठरले.

नव्याने काढावयाचे कसे? यंत्र द्विअंकी, म्हणजे त्याला दुप्पट आणि निम्मे करणे सर्वांत सोपे; आकडे एक घर सरकविले की झाले. तेव्हा दिलेली संख्या निम्मी-निम्मी करीत, किंवा लहान असल्यास दुप्पट करीत, ती एकाच्या जवळपास आणावयाची आणि किती वेळा निम्मी केली ते मोजून ठेवावयाचे. जितक्या वेळा निम्मी केली तितक्या पट दोनाचा लॉगरिथम. तो एकच आकडा मात्र यंत्रात कायमचा ठेवलेला असतो. उरलेल्या तुकड्यासाठी ग्रेगरीची श्रेढी. तुकडा ०.७०७ आणि १.४१४ यांच्या दरम्यान आणला तर क्ष कधीही ०.१७२ पेक्षा मोठा पडत नाही, आणि सात पदांत जवळजवळ बारा दशांश स्थळे खरी येतात. यंत्राच्या चाळीस स्थानांत मावणारी अचूकता तेवढीच. आठवे पद काढणे म्हणजे तांदूळ निवडून झाल्यावर सूप पाखडीत बसणे. जाणकार लोक पदांचे सहगुणक किंचित बदलून आणखी एक-दोन पदे वाचवितात, पण मूळ रीत हीच.

निम्मे करून मोजण्याची ही पहिली पायरी नवी नाही. वीरसेनाचार्यांच्या ‘धवला’ टीकेत, म्हणजे नवव्या शतकाच्या आरंभीच्या ग्रंथात, एखादी संख्या किती वेळा निम्मी करता येते त्याला ‘अर्धच्छेद’ असे नाव दिलेले आहे. बत्तिसाचे अर्धच्छेद पाच. हा दोनाच्या पायाचा लॉगरिथमच होय, आणि गुणाकाराचे अर्धच्छेद म्हणजे अर्धच्छेदांची बेरीज हा नियमही तेथे आहे. मूडबिद्रीच्या भांडारात जपलेला हा ग्रंथ प्रा. हीरालाल जैन यांनी संपादून त्याचा पहिला खंड १९३९ मध्ये आपल्या अमरावतीहून प्रसिद्ध केला. कुलाब्याच्या मंडळींनी तो वाचला होता असे मला सुचवावयाचे नाही. पण वाचला असता तर शब्द शोधावा लागला नसता.

असा लॉगरिथमचा कार्यक्रम एकदा लिहिला की तो फितीवर जपून ठेवावयाचा आणि ज्याला लागेल त्याने आपल्या कार्यक्रमास जोडावयाचा. इंग्लंडात केंब्रिजच्या विल्क्स, व्हीलर आणि गिल यांनी १९५१ मध्ये अशा जोडकार्यक्रमांचे पुस्तकच छापले. ‘जोडकार्यक्रमांचा संग्रह’ हे कोष्टकांच्या पुस्तकाचे नवे रूप. फरक एवढाच की कोष्टक चुकले तर शेजारच्या दोन आकड्यांशी ताडून डोळ्यांना दिसे; कार्यक्रम चुकला तर उत्तर तितक्याच ठसठशीतपणे छापून येते.

आणि येथेच लॉगरिथमची दोन कामे एकमेकांपासून विभक्त झाली. जे यंत्र गुणाकार सरळ करते त्याला गुणाकाराची बेरीज करून देणाऱ्या युक्तीची काय गरज? कोष्टके, स्लाइड रूल, उलट लॉगरिथम हा सारा संसार हळूहळू आवरला गेला. प्लेगचा, व्याजाचा, जनुकांचा लॉगरिथम तेवढा उरला. त्याला दुसरा पर्याय नाही, कारण तेथे तो युक्ती नसून उत्तर आहे. ब्रिग्जच्या १० च्या पायाचे राज्य गेले आणि नैसर्गिक पाया गादीवर आला.

१९६४ मध्ये संस्थेत सीडीसी ३६०० हे अमेरिकन यंत्र आले आणि टिफ्रॅकचे दिवस संपले. नव्या यंत्राबरोबर मुंबईत ‘फोरट्रान’ ही भाषा आली. बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५७ मध्ये ती अमेरिकेत सिद्ध केली होती. आता शून्य-एकाच्या बोलीत बोलण्याची गरज उरली नाही. सूत्र जवळजवळ जसेच्या तसे लिहावे, यंत्राने समजून घ्यावे. लॉगरिथमसाठी एक शब्द पुरे. त्या शब्दाची एक गंमत आहे. फोरट्रानचा नियम असा की इंग्रजी वर्णमालेतील आय ते एन या अक्षरांनी सुरू होणारी नावे पूर्णांकांची. ‘लॉग’ हे एल अक्षराने सुरू होते. मग त्याचे उत्तर पूर्णांक मानले जाईल! म्हणून १९६६ च्या प्रमाणित फोरट्रानमध्ये त्याच्यामागे ए हे अक्षर लावून ‘एलॉग’ केले. नैसर्गिक लॉगरिथम म्हणजे नुसते ‘एलॉग’. १० चा पाया हवा असेल तर शेवटी दहाचा आकडा जोडावयाचा. ज्याला शेपूट नाही तो नैसर्गिक, ही रूढी सी आणि पायथन या पुढच्या भाषांनी जशीच्या तशी उचलली.

शाळेच्या कोष्टकात ‘लॉग’ म्हणजे १० चा पाया. खिशातल्या गणकयंत्रावर ‘लॉग’ची कळ तीच; नैसर्गिकाची ‘एल-एन’ अशी वेगळी. कचेरीत हिशेबासाठी जे एक्सेल वापरतात त्यातही ‘लॉग’ हा पाया न सांगता लिहिला तर १० चा धरला जातो. आणि कार्यक्रम लिहिण्याच्या भाषेत मात्र तोच शब्द नैसर्गिक! एकच शब्द, उंबरठा ओलांडला की २.३०२६ पटीचा फरक. कोसंबींचे सूत्र कोणी एक्सेलच्या रकान्यात ‘लॉग’ घालून लिहिले तर तीसशेकडा प्रमाणास ०.३४६६ ऐवजी ०.१५०५ अंतर येईल. यंत्र तक्रार करणार नाही. पण ज्याने सूत्रामागचा विचार ऐकला आहे त्याला चूक तत्काळ दिसेल, कारण अंतर मोजलेल्या प्रमाणापेक्षा कधी कमी असूच शकत नाही, ०.१५ हे ०.३० हून कमी आहे.

दुसरी एक चूक याहून आत दडलेली असते. आजची यंत्रे साधारण सोळा अंक सांभाळतात. एकात अतिशय लहान संख्या, समजा सतराव्या स्थळावरची, मिळविली तर यंत्राच्या दृष्टीने बेरीज एकच राहते, आणि एकाचा लॉगरिथम शून्य. खरे उत्तर ती लहान संख्याच असावयास हवे. क्षणाक्षणाच्या अल्प वाढीचे हिशेब करणाऱ्यांना हे भोवते. म्हणून १९९९ च्या प्रमाणित सी भाषेत ‘एकात क्ष मिळवून त्याचा लॉगरिथम’ असा वेगळाच शब्द आहे. तो बेरीज न करता थेट श्रेढीकडे जातो. कोसंबींच्या सूत्राला याची झळ लागत नाही, इतकी लहान प्रमाणे प्रयोगात कोणी मोजत नाही.

त्या सूत्राची अडचण दुसऱ्या टोकास आहे. दोन जनुके पूर्ण स्वतंत्र असली तर प्रमाण बरोबर अर्धे. तेथे भाजक शून्य होतो आणि अंतर अनंत. प्रयोग शंभर रोपांचा असला तर केवळ योगायोगाने बावन्न रोपे तुटलेली निघू शकतात. मग प्रमाण ०.५२, दुप्पट १.०४, एकातून वजा केली की उणे ०.०४, आणि उणे संख्येचा लॉगरिथम काढा म्हटले की यंत्र काम टाकून उभे राहते. कोष्टक घेऊन बसलेला माणूस येथे आपोआप थांबे, कारण क्लार्कच्या कोष्टकात उणे संख्येचे पानच नाही. आज गुणसूत्रांचे नकाशे आखणाऱ्या कार्यक्रमांत हाल्डेन आणि कोसंबी ही दोन नावे निवडीसाठी शेजारी शेजारी लिहिलेली असतात. बावन्न रोपे निघाल्यावर ‘ही जनुके एकमेकांस बांधलेली नाहीत’ असे म्हणून पुढे जावयाचे की आणखी शंभर रोपे लावावयाची, एवढे सांगणाऱ्या दोन ओळी मात्र लॉगरिथमच्या आधी कोणाला तरी हाताने लिहाव्या लागतात.